उसातलं व्हायोलिन

अंधेरी, मुंबई
२ डिसेंबर २०२४

हर्षाली,

पार्सलमधल्या काळ्या डबीला घाबरू नकोस. ते आवाज टिपायचं यंत्र आहे. लाल बटण एकदा दाबलं की सुरू, पुन्हा दाबलं की बंद. अवसरीच्या कॉलेजात माझ्यासोबत इलेक्ट्रॉनिक्स शिकलेल्या बाईला यापेक्षा जास्त सांगायला नको.

मला एक भयपट मिळाला आहे. आठ वर्षं दुसऱ्यांच्या हाताखाली काढली, आता पहिल्यांदा पूर्ण चित्रपटाच्या आवाजाची जबाबदारी माझी. गोष्ट उसाच्या शेतात घडते. दिग्दर्शक म्हणतो, तयार आवाज चालणार नाहीत, खरा ऊस हवा. मला लगेच तुझं शेत आठवलं.

तुला वाटेल, उसाच्या सळसळीत भिण्यासारखं काय आहे? पण भीती दाखवायची गोष्टच नाही, ती ऐकवायची. प्रेक्षक डोळ्यांवर हात ठेवतो, पण कान मिटता येत नाहीत. मी काय करते सांगू? आधी रातकिडे लावते. लोकांना ते ऐकू येत आहेत हेसुद्धा कळत नाही. मग ते एकदम काढून घेते. दोन सेकंद काहीच नाही. तेवढ्यात थिएटरातली माणसं पॉपकॉर्न चघळायची थांबतात. हाड मोडल्याचा आवाज तर आम्ही ऊसच मोडून काढतो.

तर मला दिवेलागणीच्या वेळेचा ऊस हवा. वारा असताना, वारा पडल्यावर, पाखरं बसताना. मोबाइलवरून पाठवू नकोस, त्यात आवाज दाबला जातो. डबीतलं मेमरी कार्डच पोस्टाने पाठव, एक जास्तीचं कार्ड पार्सलमध्ये दिलंय, आणि सोबत कुठे, कधी, काय चाललं होतं ते लिही. तेवढ्या निमित्ताने तुझं अक्षर दिसेल. फोनवर तू नेहमी ‘सगळं छान’ म्हणतेस आणि ठेवतेस.

तुझी,
रुमाना


पिंपरी पेंढार
१५ डिसेंबर

रुमाना,

कार्ड पाठवतेय. पहिले तीन आवाज विहिरीजवळचे. चौथा बांधावर बसून घेतला, वारा पूर्ण पडला होता. पाचव्याबद्दल खाली लिहिते.

फोनवर ‘सगळं छान’ म्हणते, कारण शेजारी तेजू असते. आठ वर्षांची आहे, सगळं कळतं तिला. ऋषी चाकणला कंपनीत, रविवारीच घरी. बाकी दिवस मी, तेजू आणि मामंजी. माझ्या सासऱ्यांना तू लग्नात पाहिलंस, फेटा बांधून भोंग्याशी खटपट करत होते ते. तरुणपणी जत्रेतल्या तंबू टॉकीजमध्ये ते आवाजाचं मशीन सांभाळायचे. नंतर लग्नाकार्यात स्पीकर लावायचा धंदा केला. तुझं काम त्यांना सांगितलं तर किती दिवसांनी खुलले. म्हणाले, “भुताच्या पिक्चरला पडद्यावर नुसतं दार दिसायचं. मी आवाज वाढीवला की बाया पोरांना पदराखाली घ्यायच्या. भूत कुनी बघितलंच न्हाई, समद्यांनी ऐकलं.”

आता पाचवा आवाज. गेले आठ-दहा दिवस आमच्या खालच्या उसातून, शेजारच्या स्वराजच्या बांधाकडून, संध्याकाळी सहाच्या सुमाराला बिबट्या ओरडतो. बिबट्या आम्हाला नवा नाही. रस्त्यात दिसला तर लोक गाडीचा दिवा मोठा करतात आणि पुढे जातात. पण हा आवाज वेगळा आहे गं. लाकूड करवतल्यासारखा. निंदायला येणारी जया म्हणाली, “वयनी, बिबट्या लई ऐकलेत, पर ह्यो ऐकून माझ्या दातांना कळा आल्या.” ती आणि तिच्या बायका त्या बाजूला यायच्या बंद झाल्या. तेजूची शाळेची गाडी रस्त्यावर सोडते आणि पायवाट त्या उसाला लागून येते. आता मामंजी तिला रोज मोटारसायकलवर लांबून फिरवून आणतात.

मी यंत्र घेऊन ओट्यावर बसले आणि तो आवाज टिपला.

घाबरलेय. हे फोनवर सांगितलं नसतं.

हर्षाली


अंधेरी
२२ डिसेंबर

हर्षाली,

चौथा आवाज ऐकून दिग्दर्शक खुर्चीतून उठला. पाचवा मी त्याला ऐकवला नाही. तो मी एकटीने कानाला हेडफोन लावून चाळीस वेळा ऐकला. आता नीट वाच.

तो बिबट्या नाही.

पहिली गोष्ट, तो आवाज दर अडतीस सेकंदांनी येतो. एकोणचाळीस नाही, सदतीस नाही. जनावर घड्याळ लावून ओरडत नाही. दुसरी, खऱ्या बिबट्याच्या आवाजाला पोट असतं, एक खोल घुमारा. हा नुसता घसा आहे. पोट कापलेला आवाज कशातून येतो? पत्र्याच्या भोंग्यातून. भोंग्यातून खालचे सूर बाहेर पडतच नाहीत.

तिसरी गोष्ट ऐकून मी खुर्ची मागे सरकवली. त्या आवाजाच्या खाली व्हायोलिन आहे. दोन-तीन व्हायोलिनं, एकदम वरच्या पट्टीत, तारेवर गज घासत नेल्यासारखी. आम्ही भयपटात हेच वापरतो. त्या सुराची जात तान्ह्या मुलाच्या किंकाळीची आहे. ऐकणाऱ्याला वाद्य कळत नाही, पण अंगावर काटा येतो. जयाच्या दातांना कळा आल्या त्या बिबट्यामुळे नाही, त्या तारांमुळे. कुणीतरी चित्रपटातला तुकडा उचलून तुमच्या उसात वाजवतो आहे.

तुझ्या शेतात कुणी भयपट लावला आहे, हर्षाली. आणि तो लावणारा माणूस अडाणी नाही. लोक कशाला भितात ते त्याला बरोबर माहीत आहे.

त्या बाजूला लोकांनी जाऊ नये असं कुणाला वाटतं? कुणाकडे भोंगा आहे? विचार कर. मला राग आलाय. मी हे तिकीट काढून आलेल्या माणसांसाठी करते, आणि हा तुझ्या पोरीसाठी करतोय.

रुमाना


पिंपरी पेंढार
३० डिसेंबर

रुमाना,

तुझं पत्र वाचलं आणि मला आधी हसू आलं, मग इतका संताप आला की चुलीवर दूध उतू गेलं तरी कळलं नाही.

भोंगा स्वराजकडे आहे. आमचा बांधकरी. मक्यात रानडुकरं येऊ नयेत म्हणून त्याने लावला होता. रस्त्याकडची आमची पट्टी विकत मागून मागून थकला, मामंजी देत नाहीत. आता ती बाजूच ओसाड पडली तर आम्ही कंटाळून देऊ, असा त्याचा हिशेब. दोन आणि दोन चार.

मी थांबले नाही. सकाळी दूध घालायला डेअरीवर गेले. वीस-पंचवीस माणसं होती. स्वराज रांगेत होता, मागे त्याची आई उज्ज्वलाकाकू किटली घेऊन.

मी म्हटलं, “स्वराजभाऊ, भोंगा काढून ठेवा आता. कळलंय मला.”

“कसला भोंगा, वहिनी?”

“बिबट्याचा. व्हायोलिन वाजवणारा बिबट्या.”

लोक हसले. तो म्हणाला, “माझा भोंगा दिवाळीपासून बंद पडलाय. घरी येऊन बघा.”

“जमीन पाहिजे म्हणून बायापोरांना भीती घालता? काकू, असं शिकवलं का तुम्ही?”

काकूंनी किटली खाली ठेवली. स्वराजचं तोंड काळं-निळं झालं. म्हणाला, “मी केलं नाही.” तेवढंच. आणि दूध न घालताच माघारी गेला.

मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू?

पण घरी आल्यावर मामंजी भडकले. अकरा वर्षांत त्यांनी मला कधी अगं-तुगं केलं नाही. ते म्हणाले, “कुनी सांगितलं तुला तोंड घालायला? खरं आसू न्हाईतर खोटं, त्या उसाकडं पाय टाकायचा न्हाई! तू बी न्हाई आन् ती जया बी न्हाई!” आणि जेवले नाहीत. भावकीत भांडण नको, म्हणून असेल. म्हातारपणी माणसं भित्री होतात.

आवाज अजून चालू आहे. परवापासून जास्तच मोठा. पण आता जया आणि बायका हसत हसत त्या बाजूला निंदायला जातात. जया त्याच्या तालावर खुरपं चालवते.

हर्षाली


अंधेरी
५ जानेवारी २०२५

हर्षाली,

डेअरीवरचा प्रसंग वाचून मी स्टुडिओत एकटीच टाळ्या वाजवल्या.

आता पुरावा हवा. ‘मी केलं नाही’ कुणीही म्हणेल. आवाज सुरू झाला की यंत्र चालू कर आणि आवाजाच्या दिशेने चालत जा. भोंगा असेल तर आवाज एकाच बाजूने धारेसारखा येईल. दोन पावलं डावीकडे सरकलीस की कमी होईल, उजवीकडे सरकलीस की वाढेल. तशी तशी तू भोंग्याच्या तोंडाशी पोचशील. त्याचा फोटो काढ, तार कुठे जाते ते बघ. मामंजींना सांगू नकोस, ते अडवतील. त्यांच्या पिढीला ऐकलेलं खरंच वाटतं.

घाबरू नकोस. तिथे बिबट्या नाही, भोंगा आहे.

रुमाना


अंधेरी
१५ जानेवारी

हर्षाली,

दहा दिवस झाले. मी सलग आठ दिवस मिक्सिंगमध्ये होते, आत फोन चालत नाही. काल बाहेर आल्यावर तुला लावला तर बंद. आज सकाळपासून बंदच. ऋषीचा नंबर माझ्याकडे नाही.

सापडला का भोंगा? स्वराज काही बोलला का? त्याने काही केलं तर नाही ना? नुसतं ‘सगळं छान’ लिहिलंस तरी चालेल. हे पत्र पोचायच्या आत काही कळलं नाही तर जुन्नरहून अब्बांना तुझ्याकडे पाठवते.

रुमाना


पिंपरी पेंढार
१७ जानेवारी

रुमाना पोरीस रखमाजीचा आशीर्वाद.

तुझं पत्र मी फोडलं, मागची बी वाचली. सुनंचं पत्र सासऱ्यानं फोडू न्हाई, पर ती वाचायच्या परिस्थितीत न्हाई. माझी सातवी झालीय, लिहिताना चुकंल तर समजून घे.

हर्षाली जित्ती हाय, आधी त्येच लिहितो. उजवा खांदा आन् दंड बिबट्यानं फाडला. आधी नारायणगावला नेलं, मग पुन्याला हालवलं. ऋषी तिथंच हाय. बोटं हालतात का न्हाई ते डाक्टर आजून सांगत न्हाईत.

भोंगा माझा व्हता.

कार्तिकात मोटार चालू करायला गेलो तवा खालच्या उसात मादी बघितली. तिच्यामागं दोन पिल्लं, मांजरायेवढी. तसाच उलट्या पावली माघारी आलो. पिल्लावरची मादी कशी आसती ते मला ठावं हाय. आता कुनाला सांगायचं? गावात सांगितलं तर शंभर पोरं मोबाइल घिऊन उसाला येढा घालनार, मादी पिसाळनार. घरात सांगितलं तर हर्षाली म्हननार, मामंजी, बिबट्या कुठं न्हाई? तेबी खरंच. आमी बिबट्याला येवढं सरावलोय का भ्याचंच इसारलो. सांगून कुनी ऐकत न्हाई. म्हनलं, ऐकवू.

आळेफाट्याच्या मोबाइलवाल्या ऋतिककडनं पेनड्राइव्ह भरून घेतला. पयला आर्धा तास कोरा, मग आवाज. मोटारीच्या खोलीत लावायचा आन् घरी येऊन ओट्यावर बसायचं. भोंगा जांभळीवर बांधला. ऋतिक म्हनला, बाबा, खाली पिक्चरचं व्हायोलिन हाय, काढू का? म्या म्हनलं, ऱ्हाऊ दे. नुसत्या बिबट्याला आता कोन भितंय? तंबूत पंधरा वर्स काढलीत म्या. मानूस जनावराला भीत न्हाई, त्या सुराला भितं. पिल्लं मोठी हून मादी निघून जाईस्तवर दोन म्हयनं कुनी तिकडं फिरकू नये, येवढंच व्हतं मनात. माझी तेजू त्याच वाटंनं यायची गं.

आन् तू मुंबईत बसून वळखलंस. तुझे कान लई तयार. म्हनून राग आला, आन् खरं सांगतो, थोडं बरं बी वाटलं.

हर्षालीनं स्वराजवर आळ घेतला त्याच दिशी तोंड उघडायला हवं व्हतं. धा डाव मनात आलं. पर गाव म्हनंल रखमाजी पोरांना भ्या दाखवतो. लाज वाटली. म्हनून नुसता आवाज वाढीवला. फॉरेस्टच्या लोकांना एक फोन केला आसता तरी भागलं आसतं. पर मला माझ्या भोंग्याचा गर्व.

धा तारखंला मी तेजूला आनाया गेलो व्हतो. हर्षाली तुझं यंत्र आन् कोयता घिऊन उसात शिरली. स्वराज मक्यात व्हता. त्याला किंकाळी ऐकू आली. त्यो पत्र्याचं घमेलं बडवत आत धावला म्हनून मादीनं सोडलं. त्यानंच हिला उचलून आनली, त्याच्याच गाडीत नेली. रगताचे डाग आजून हायेत सीटला. ज्याला चोर केलं त्यानं.

यंत्र उसात पडलं व्हतं, ते चालूच व्हतं. मी ऐकलं. आधी माझा भोंगा वाजतोय. मग पेनड्राइव्ह सपला. मग तिची पावलं. मग ती थांबली. भोंग्यावर माझं नाव हाय, लाल रंगात, लग्नाच्या धंद्यातलं. ती हळूच म्हनली, “मामंजी?”

त्याच्यानंतर लगीच ते.

त्ये कार्ड मी कुनाला देनार न्हाई. मागू नगंस.

रखमाजी


अंधेरी
२६ जानेवारी

हर्षाली,

मामंजींचं पत्र मिळालं त्याच दिवशी निघाले. दुपारी वॉर्डात पोचले. ऋषीने आत सोडलं. तू डोळे मिटून पडली होतीस. मी वीस मिनिटं शेजारी बसले.

माझं कामच ऐकण्याचं आहे. झोपलेल्या माणसाचा श्वास मला कळतो. तू झोपली नव्हतीस. मी उठले आणि निघून आले. डोळे उघडले नाहीस ते योग्यच केलंस.

‘तिथे बिबट्या नाही, भोंगा आहे’ ही ओळ माझी. मामंजी ज्याला गर्व म्हणतात तो माझ्याकडे त्यांच्यापेक्षा जास्त होता. मी आवाज ऐकला, आवाजाबद्दल एकही चूक केली नाही, आणि त्या आवाजामुळे तिथे दुसरं काहीच नाही असं धरून चालले. भोंगा आणि बिबट्या दोन्ही असतील, हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही. आणि मुंबईत, काचेच्या खोलीत बसून तुला आत पाठवलं. स्वराजला चोर ठरवलं तेही मीच. मी त्याला कधी पाहिलेलंही नाही.

चित्रपटात तशाच, उसात शिरण्याच्या एका प्रसंगाला मी व्हायोलिन लावलं होतं. परवा ते लावून बघितलं आणि आपल्या हातानेच बंद केलं. नुसती पावलं ठेवली. दिग्दर्शक म्हणाला, इथे कुणी घाबरणार नाही. आम्ही दोन तास भांडलो. शेवटी त्याने व्हायोलिन परत घातलं. चित्रपट त्याचा आहे.

तुझं चौथं रेकॉर्डिंग मी वापरलेलं नाही. तू सांगितल्याशिवाय वापरणार नाही.

लिहू नको वाटलं तर लिहू नकोस.

रुमाना


पिंपरी पेंढार
२० मार्च

रुमाना,

डाव्या हाताने लिहितेय, आठवडाभर थोडं थोडं. अक्षर तेजूपेक्षा वाईट आहे. उजव्या हाताची तीन बोटं हलतात, दोन नाहीत. फिजिओथेरपी चालू आहे.

हो, जागी होते. तुझ्या चपलांचा आवाज ऐकला आणि डोळे मिटले. तुला बघितलं असतं तर नको ते बोलले असते. पंधरा दिवस मी फक्त तुझ्यावर चिडत होते. मामंजींवर चिडायची हिंमत नव्हती, ते वॉर्डाच्या दाराबाहेर जमिनीवर बसून असायचे. मग हळूहळू लक्षात आलं, उसात शिरायचा उत्साह माझाच होता. तू सांगितलं नसतंस तरी मी गेलेच असते. थोडा राग अजून आहे, तो राहू दे. जाईल.

तुला विचारायचं असेल आणि तू विचारणार नाहीस, म्हणून सांगते. मला वाटायचं ती गुरगुरेल, निदान पाला वाजेल. काहीच वाजलं नाही गं. मी लाल अक्षरं वाचत होते. मग उजवीकडून कुणीतरी जोरात ढकललं, एवढंच कळलं. भीती नंतर वाटली, गाडीत. स्वराज सारखा म्हणत होता, “वहिनी, डोळे मिटू नका, माझ्याशी बोला.” काय बोलणार होते मी त्याच्याशी?

पिल्लांचं सांगते. फॉरेस्टच्या लोकांनी ती पिल्लं खोक्यात घालून उसाच्या कडेला ठेवली आणि सगळ्यांना लांब नेलं. मादी आली, एकेक उचलून घेऊन गेली. कुठे गेली कुणाला माहीत नाही. ऊस तुटला. आता घरातून रस्त्यापर्यंत दिसतं.

घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी मी मामंजींना म्हटलं, चला. दोघं स्वराजकडे गेलो. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला उज्ज्वलाकाकूंना कुणी बोलावलं नव्हतं, हे मला जयाकडून कळलं होतं. डेअरीवर स्वराजच्या शेजारी कुणी उभं राहत नव्हतं. त्याने माझा जीव वाचवला तरी लोक म्हणत होते, स्वतःच लावलेल्या भोंग्यापायी घडलं म्हणून धावला. मामंजींनी हे ऐकलं होतं आणि गप्प बसले होते. मीही हॉस्पिटलात गप्पच होते, मी तर सगळं बघितलं होतं.

मामंजींनी ओट्यावर उभं राहून सगळं सांगितलं. स्वराज ऐकून घेत होता. काकू आतून आल्या आणि म्हणाल्या, “भावजी, मला येऊन सांगायचं व्हतं. मी ऐकलं असतं.” मामंजी रडायला लागले.

स्वराज म्हणाला, “काका, इथं सांगून काय उपयोग? जिथं आळ घेतला तिथं सांगा.”

दुसऱ्या दिवशी सकाळी डेअरीवर गेलो. तेवढीच माणसं, तीच रांग. मामंजींनी बोलायला तोंड उघडलं आणि आवाजच फुटेना. जन्मभर दुसऱ्यांचा आवाज मोठा करणारा माणूस. मग मी बोलले. म्हटलं, “भोंगा आमचा होता. स्वराजभाऊंवर मी खोटा आळ घेतला, तुमच्या सगळ्यांसमोर. हॉस्पिटलात असताना मला खरं माहीत होतं, तरी दोन महिने बोलले नाही. काकू, माझं चुकलं.” कुणी हसलं नाही. मामंजींनी हात जोडले. कुणीतरी मागून म्हणालं, “रखमाजी, जीव जात व्हता की रं पोरीचा.” ते मान खाली घालून म्हणाले, “व्हय.”

स्वराजने दूध घातलं, चिठ्ठी घेतली आणि आमच्याकडे न बघता निघून गेला. मला वाटलं, संपलं. त्याचंही बरोबरच होतं.

परवा संध्याकाळी खालून कोयत्याचा आवाज यायला लागला. बघितलं तर स्वराज. तेजूच्या पायवाटेला दोन्ही बाजूंनी घाणेरीची दाट झुडपं माजली आहेत, वाटेवर उभं राहिलं तर दोन हातांवरचं दिसत नाही. तो त्याच्या टोकापासून ती तोडत येत होता. मामंजी बराच वेळ ओट्यावरून बघत राहिले. मग उठले, आपला कोयता घेतला आणि आमच्या टोकापासून तोडायला लागले. मी तेजूला घेऊन बांधावर उभी होते. हात गळ्यात अडकवलेला, मदत काय करणार? तोडलेल्या फांद्या तेजू ओढून बाजूला टाकत होती.

मधे दहा-बारा पावलांचं अंतर राहिलं तेव्हा उजेड गेला. स्वराजने कोयता खांद्यावर टाकला, मामंजींच्या हातातलाही घेतला.

म्हणाला, “उरलेलं उद्या. चला काका, तुम्हाला घरापर्यंत सोडतो.”

हर्षाली